तक्रार खिडकीच्या आतून: वॉर्ड ऑफिसची मदत वेळेवर कशी मिळवावी

मी महानगरपालिकेच्या एका वॉर्ड ऑफिसात २६ वर्षं काढली. सुरुवातीला आवक-जावक टेबलावर होते, नंतर बहुतेक काळ तक्रार नोंदणीच्या खिडकीवर, आणि दर पावसाळ्यात आळीपाळीने रात्रीच्या नियंत्रण कक्षात. निवृत्त झाल्यावर सोसायटीतल्या बायका विचारायला लागल्या, "ताई, तुम्ही आतल्या होतात, ह्यांच्याकडून काम कसं करून घ्यायचं ते सांगा ना." एकेकीला सांगत आले ते आता एकदा नीट लिहून काढते आहे.

एका जुलैतल्या रात्री पावणेदोनला फोन आला. "मॅडम, लवकर माणसं पाठवा, घरात पाणी शिरलंय, सासूबाई खाटेवर आहेत, त्यांना उठता येत नाही." कुठून बोलताय, विचारलं. "गणपती मंदिराच्या मागून." आमच्या वॉर्डात गणपतीची सात मंदिरं होती. कुठलं, हे विचारेपर्यंत फोन बंद पडला, तो पुन्हा लागलाच नाही. मी साती मंदिरांच्या नावानं मुकादमांना निरोप धाडले. ते घर सापडलं साडेचारला, पाचव्या मंदिरामागे. शेजाऱ्यांनी खाटेवर टेबल ठेवून आजींना वर बसवलं होतं, म्हणून त्या वाचल्या. त्या रात्री गाडी तयार होती, पंप होता, माणसं होती. पत्ता नव्हता.

म्हणून पहिलं काम पत्त्याचं. एक कागद घ्या आणि मोठ्या अक्षरात लिहा: इमारतीचं किंवा चाळीचं नाव, विंग, मजला, खोली नंबर, गल्लीचं नाव, मुख्य रस्त्यावरून आत वळायची खूण, आणि घराजवळच्या रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाचा नंबर. हा खांबाचा नंबर बहुतेकांना ठाऊकच नसतो. खांबावर रंगानं लिहिलेला असतो किंवा पत्र्याची पट्टी असते. विद्युत विभागाला त्यावरून नेमकी जागा कळते. दुकानाचं नाव बदलतं, पानाची टपरी उठते, खांब सहसा जागचा हलत नाही. वॉर्डाचं नाव आणि प्रभाग क्रमांकही लिहा, मालमत्ता कराच्या बिलावर तो बघायला मिळेल. कागद दाराच्या आतल्या बाजूला, लहान मुलाच्या डोळ्यांना दिसेल इतक्या उंचीवर चिकटवा. घाबरलेला माणूस स्वतःचा पत्ता विसरतो, हे मी शेकडो फोनांवर ऐकलं आहे. वाचता येणारं आठ वर्षांचं पोर मात्र कागदावरचं धडाधडा वाचून दाखवतं.

त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्यात फोन नंबर. आग लागली तर १०१. पोलीस किंवा काय करावं सुचत नसेल तर ११२. रुग्णवाहिकेला १०८, बाळंतीण आणि तान्ह्या बाळाला दवाखान्यात न्यायचं असेल तर १०२. सिलिंडरचा गॅस गळत असेल तर १९०६. वीज गेली, तार तुटली, डीपीतून ठिणग्या उडतायत, तर १९१२. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, राज्याचा १०७०. मुंबईत पालिकेचा नंबर १९१६ आहे, बाकीच्या महापालिकांचे आणि नगरपालिकांचे वेगवेगळे, ते आधी शोधून लिहायचे. शेवटी तुमच्या प्रभागाच्या कनिष्ठ अभियंत्याचा आणि स्वच्छता निरीक्षकाचा नंबर. हे नंबर ऑफिसातल्या फलकावर असतात, कोणाची ओळख लागत नाही.

काम कुणाचं, हे कळलं की अर्धा वेळ वाचतो

माझ्याकडून एकदा एक तक्रार चुकीच्या टेबलावर गेली होती. फुटपाथवर चेंबर खचलं होतं. मी ते रस्ते विभागात टाकलं. रस्तेवाल्यांनी मलनिःसारणाकडे, त्यांनी पर्जन्य जलवाहिन्यांकडे. नऊ दिवस तो कागद फिरला आणि नऊ दिवस ते भगदाड तसंच राहिलं. कुणी पडलं नाही हे नशीब. तेव्हापासून मी तक्रारदाराला आधी एक प्रश्न विचारायला लागले: पाणी कसलं आहे? संडासाचा वास येत असेल तर मलनिःसारण. पावसाचं साचलेलं असेल तर पर्जन्य जलवाहिनी, म्हणजे गटार आणि नाले. स्वच्छ आणि पावसाशिवाय वाहतंय तर पिण्याची लाइन फुटली, तो पाणीपुरवठा विभाग. अर्जात हा एक शब्द आला की कागद सरळ योग्य माणसाकडे जातो.

झाडाचंही तसंच. रस्त्यावरचं झाड पालिकेचं, तक्रार उद्यान विभागात. सोसायटीच्या आवारातलं झाड सोसायटीनं सांभाळायचं, पण फांदीलाही हात लावण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा त्यासाठीच आहे. हा अर्ज मार्चमध्येच करा. पाहणी, परवानगी, ठेकेदार, सगळ्याला वेळ लागतो, आणि जूनमध्ये अर्ज घेऊन येणाऱ्यांची रांग मी पाहिली आहे. फांदी विजेच्या तारेला टेकत असेल तर तोडण्याआधी वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्यायचा, आणि ते अर्जातच लिहायचं.

जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र कुणाचं काम हा विचार करू नका. १०१ किंवा ११२ लावा, पुढचं ते बघतात.

तक्रार लिहायची कशी

खिडकीवर येणारे अर्ज दोन प्रकारचे असत. एक असा: "आमच्या भागात गेले कित्येक दिवस नागरी सुविधांची दुरवस्था असून प्रशासन झोपले आहे, तरी त्वरित कार्यवाही व्हावी." दुसरा असा: "साईनगर गल्ली क्र. ३, खांब क्र. ४१ समोर, रस्त्याच्या डाव्या कडेला पावसाळी चेंबरचं झाकण तुटलं आहे. भोक साधारण दोन फूट. शाळेत जाणारी मुलं इथूनच जातात. आम्ही तात्पुरती फळी आणि लाल कापड लावलं आहे. फोटो जोडला आहे." पहिल्या अर्जातला राग मला कळायचा, पण त्यावर मुकादम कुठे जाणार? दुसरा अर्ज मी हातात घेऊनच उठायचे.

जागा, वस्तू, माप, धोका कुणाला, तुम्ही काय केलं, फोटो. एका अर्जात एकच विषय. खड्डा, कचरा आणि कुत्री एकाच कागदावर लिहिलीत तर तो कागद एका टेबलावर जाईल आणि उरलेली दोन कामं तिथंच मरतील. फोटो दोन काढा: एक जवळून, एक लांबून, ज्यात दुकान किंवा खांब ओळखू येईल. नुसत्या खड्ड्याचा फोटो कुठल्याही शहरातला असू शकतो.

ॲपवरून केली किंवा फोनवरून केली तरी तक्रारीला नंबर मिळतो, तो लिहून ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका. कागद दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. त्या पोचेशिवाय तुम्ही आला होतात हे सिद्ध होत नाही. "शिक्का संपलाय, उद्या या" म्हणाले तर सही आणि तारीख मागा. आमच्या खिडकीवर पोच नाकारायची नाही असा माझा नेम होता, आणि तुम्ही मागितलीत तर कोणालाही नाकारायला जड जातं.

काम झालं नाही तर भांडायला येण्याआधी तोच नंबर घेऊन कनिष्ठ अभियंत्याकडे जा, मग उपअभियंत्याकडे, मग प्रभागाच्या सहायक आयुक्तांकडे. प्रत्येक वेळी जुनी पोच जोडा. महापालिकेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यासाठी १५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. आणि माहिती अधिकार आहेच: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांत उत्तर. त्यात "काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर देणं सहज टाळता येतं. "माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजवर कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्यानं काय शेरा मारला, त्याची प्रत द्यावी," असं मागा. असा अर्ज टेबलावर आला की पाच महिने पडून राहिलेली फाइल दुसऱ्या दिवशी हललेली मी पाहिली आहे.

जुनी इमारत

यावर थोडं जास्त लिहिते, कारण लोक सगळ्यात जास्त इथंच लपवाछपवी करतात.

इमारतीला ३० वर्षं झाली की नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेऊन दाखला पालिकेला द्यायचा असतो. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात कलम २६५अ आहे, मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात ३५३ब. तपासणीनंतर इमारतीची वर्गवारी होते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे राहूनच दुरुस्ती. सी-३ किरकोळ. लोकांना वाटतं तपासणी केली की नोटीस येईल आणि घर जाईल, म्हणून तपासणीच नको. नोटीस आली तर भिंतीवरून फाडून टाकतात, शेजाऱ्यांनाही कळू देत नाहीत. मी अशा एका इमारतीची नोटीस स्वतः टाइप केली होती. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका खिडकीवर येऊन रडले, "आम्ही जायचं कुठं?" त्या प्रश्नाला माझ्याकडे पुरेसं उत्तर नव्हतं. पण एवढं सांगितलं, आणि तुम्हालाही सांगते: घर सोडायच्या आधी तुमच्या ताब्यातल्या जागेचं क्षेत्रफळ पालिकेच्या माणसांसमोर मोजून लेखी घ्या, राहणाऱ्यांच्या यादीत प्रत्येकाचं नाव आहे का बघा, वीजबिल, करपावती, करारनामा, शिधापत्रिका यांच्या प्रती एका पिशवीत घालून नातेवाइकाकडे ठेवा. हक्क त्या कागदांत राहतो. इमारतीत अंगानं बसून राहिल्यानं तो वाढत नाही. वर्गवारी चुकली असं वाटत असेल तर दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासणी करून तो अहवाल पालिकेत दाखल करा, नोटीस फाडू नका.

इमारत आधी बोलते. दारं-खिडक्या अचानक घासायला लागतात. खांबाचं प्लॅस्टर फुगून आतली गंजलेली सळई दिसते. भिंतीतली तिरकी भेग रुंद होत जाते. तिच्यावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख घाला, आठवड्यानं बघा. छतातून सारखी वाळू गळते, रात्री तडतड आवाज येतो. यातली शेवटची दोन लक्षणं दिसली, ऐकू आली तर सामान गोळा करत बसू नका. सगळ्यांना हाका मारत खाली उतरा, लांब उभे राहा, १०१ लावा.

आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये किंवा तळमजल्याच्या दुकानात भिंती फोडायचं काम सुरू झालं तर "त्यांची जागा, त्यांचं काम" म्हणून गप्प बसू नका. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरमध्ये चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तिच्या तळमजल्यावर फेरफाराचं काम चाललेलं होतं. हातोडा खांबावर किंवा तुळईवर पडतोय असं दिसलं तर त्याच दिवशी इमारत विभागात लेखी तक्रार द्या आणि पोलीस ठाण्यात प्रत द्या.

पाणी भरल्यावर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. हवामान खात्याची सगळ्यात वरची पायरी २०४.५ मिलिमीटरपासून सुरू होते, यावरून अंदाज करा. त्या दिवशी काचा बंद गाड्यांमध्ये अडकूनही माणसं गेली. गाडी पाण्यात बंद पडली, पाणी चढतंय असं दिसलं तर काच खाली करून बाहेर पडा. गाडीत एक जड हातोडी ठेवा, बाजूच्या काचेवर कोपऱ्यात मारली की ती सहसा फुटते; समोरची काच तशी फुटत नाही.

घरात पाणी येणार असं दिसताच मेन स्विच बंद करायचा, तोही पाय कोरडे असतानाच. पाणी मीटरपर्यंत आलं असेल तर हात लावू नका, १९१२ ला सांगून बाहेरून पुरवठा बंद करायला लावा. खांबाला, डीपीला, पत्र्याच्या कुंपणाला टेकून चालू नका.

हे वाक्य कृपा करून घरात सगळ्यांना वाचून दाखवा: तुंबलेलं पाणी जावं म्हणून रस्त्यातल्या मॅनहोलचं झाकण कधीही स्वतः उघडायचं नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामांकित डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. झाकण उघडणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला आपल्या दारातलं पाणी घालवायचं असतं. पण पाण्याखाली भोक दिसत नाही. पाण्यातून चालावंच लागलं तर हातात काठी किंवा छत्री घ्या, पुढची जमीन चाचपत चला, आणि पाणी जिथं गोल फिरतंय तिथून लांब राहा. उघडं चेंबर दिसलं तर तिथं उभं राहण्याला पर्याय नाही. एकानं उभं राहायचं, दुसऱ्यानं फोन करायचा.

घरी आल्यावर साबणानं पाय धुवा. पायावर जखम असेल किंवा बराच वेळ पाण्यात चालला असाल तर २४ ते ७२ तासांत पालिकेच्या दवाखान्यात जा. लेप्टोस्पायरोसिस टाळण्याच्या गोळ्या तिथं डॉक्टर तपासून मोफत देतात. मेडिकलमधून आणून स्वतःच घेऊ नका. गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं.

नुकसान झालं असेल तर घर धुऊन काढण्याआधी फोटो काढा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, ती फोटोत यायला हवी. आणि मदतीचा पंचनामा तहसील कार्यालयाकडून होतो. वॉर्ड ऑफिसात त्यासाठी रांग लावलेली माणसं मला परत पाठवावी लागायची, तेव्हा फार वाईट वाटायचं. थेट तहसीलला जा.

आग आणि गॅस

थोडक्यात सांगते. जिन्याखाली स्कूटर, सायकली, जुन्या गाद्या ठेवायच्या नाहीत; धूर जिन्यातूनच वर चढतो. मीटर खोली गोदाम नाही. उंच इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म 'बी' दाखला परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैत घ्यायचा असतो. सेक्रेटरींना तो दाखवायला सांगा, आणि त्यांच्यासमोर गच्चीवरचा पंप चालू करून नळीतून पाणी येतं का बघा. दाखला असलेल्या इमारतीत नळीच नसल्याचं मी पाहिलं आहे.

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण ना चालू ना बंद. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन सिलिंडर असेल तर १९०६, पाइपचा गॅस असेल तर गॅस कंपनीचा आपत्कालीन नंबर लावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून दार उघडून तो खालून बाहेर जाऊ द्यायचा. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो, तिथं वरच्या खिडक्या आणि झरोके उघडायचे.

उठता न येणाऱ्यांची यादी

सगळ्यात शेवटी सांगते, पण त्या जुलैतल्या रात्रीनंतर माझ्या मनात हेच सगळ्यात वर आहे. तुमच्या इमारतीत कोण अंथरुणाला खिळलेलं आहे? कोण ऑक्सिजनवर आहे, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कोण एकटं राहतं, कुणाला ऐकू येत नाही? दोन माणसांनी रविवारी घरोघरी जाऊन वही भरा. नाव, मजला, काय लागतं: खुर्ची, चादरीची झोळी, की नुसता आधाराचा हात. प्रत्येक नावापुढे उचलून आणणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावं. एक नाही, दोन, कारण एकजण गावाला गेलेला असतो. नावं घालण्याआधी घरच्यांना विचारा, आणि वही सोसायटीच्या गटावर टाकू नका. कोण घरात एकटं असतं हे चोरालाही कळतं. एक प्रत सेक्रेटरींकडे, एक जवळच्या अग्निशमन केंद्रात द्या आणि पोच घ्या.

एकदा रंगीत तालीम करा. आम्ही केली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची चाकाची खुर्ची जिन्याच्या वळणावर बसतच नव्हती. मग त्यांच्यासाठी जाड सोलापुरी चादर दाराशी घडी करून ठेवली, चार कोपरे चौघांनी धरायचे ठरलं. आजोबांनी त्या दिवशी चादरीत बसून तिसऱ्यांदा खाली-वर करायला लावलं, पोरांना सवय व्हावी म्हणून.

वही आणि दारावरचा कागद दर मे महिन्यात नव्यानं लिहा. माणसं बदलतात, भाडेकरू बदलतात, कनिष्ठ अभियंत्यांची बदली होते. खांबाचा नंबरही एकदा खाली जाऊन बघून या, नवे दिवे बसवले की कधी कधी तोही रंगवून नवा घालतात.